गेल्या एका महिन्यात

तेवीस प्रश्न होते आणि प्रत्येकाची सुरुवात एकच होती: गेल्या एका महिन्यात. गेल्या एका महिन्यात तुला पळताना किती वेळा त्रास झाला? गेल्या एका महिन्यात किती वेळा भीती वाटली? बरोबरीची मुले करतात ते तुला किती वेळा करता आले नाही? उत्तरांसाठी पाच चौकटी होत्या, ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत. हेच प्रश्न, याच क्रमाने, अकरा देशांतल्या दीर्घ आजाराच्या मुलांना विचारले जात होते. शेवटी मुलाच्या नावाऐवजी शून्य ते शंभर यांमधला एक आकडा उरे. आकडा जितका मोठा, तितके आयुष्य बरे.

मी तळा गावचा. घरी भातशेती, आणि मी मराठी घेऊन एम.ए. झालेलो. आधुनिक कवितेत इतका बुडालेला की साधे पत्र लिहितानाही ओळी तोडत असे. मुंबईच्या एका संशोधन संस्थेला प्रश्नावलीच्या मराठीसाठी आणि रायगडच्या किनाऱ्यावर घरोघरी जाण्यासाठी माणूस हवा होता. मला दोन्ही कामे मिळाली. रेवदंड्याला एक खोली घेतली. खिडकीखाली दिवसभर मांदेली वाळत असत आणि त्या वासात बसून मी ‘थकवा’ आणि ‘शीण’ यांतला नेमका शब्द निवडत असे. आपण मोजमापाच्या कोरड्या यंत्रात थोडे काव्य घालतो आहोत, असे मला तेव्हा वाटत होते.

प्रश्नांआधी मुलाला एक संमतिपत्र वाचून दाखवायचे असे. त्यात दोन वाक्ये महत्त्वाची होती. पहिले असे: ‘तू मला जे सांगशील ते मी कुणालाही सांगणार नाही, तुझ्या आईवडिलांनाही नाही.’ हे वाक्य मी घडवले होते. ते ‘नाही’वर एखाद्या ओळीसारखे थांबे आणि मुलाच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडे. दुसरे वाक्य संस्थेच्या नैतिकता समितीने जोडले होते: ‘मात्र तुझ्या प्रकृतीला धोका आहे असे मला वाटले, तर ते मला तुझ्या डॉक्टरांना कळवावे लागेल.’ या वाक्याने लय मोडे. उघडलेला चेहरा त्या ‘मात्र’पाशी मिटताना मी चार-पाच वेळा पाहिला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते वाक्य वाचणे सोडून दिले. खाली ‘दोन्ही वाक्ये वाचून दाखवली’ अशी एक चौकट होती. तिच्यात मी खूण करत राहिलो.

सिदराच्या घरी मी गेलो तो रमजानचा दहावा दिवस होता. मुरूडच्या एसटी स्थानकावर आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या कल्पिताताई माझी वाट पाहत होत्या. कुठल्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना तोंडपाठ असे, आणि मला त्या घरापर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम होते.

“सुजित सर, आज उपाशी राहायची तयारी ठेवा,” त्या चालता चालता म्हणाल्या. “या आळीत आत्ता कुणी चहा विचारणार न्हाय.”

“मी चहासाठी येतो का, ताई?”

“न्हाय कसे! तुमच्या फॉर्मात चहाची चौकट न्हाय, म्हणून बरं हाय. न्हायतर तुमचे शंभरपैकी शंभर.”

सिदरा बारा वर्षांची. सातव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो, ज्यात दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई चुकत नाही. वडील अझहर आखातात, दोह्याला एका कंपनीत. घरात ती आणि तिची आई सफुरा. अंगणापलीकडे थोरले चाचा हमदुल्ला यांचे घर. त्यांचे मुरूडच्या बाजारात जाळी-दोरखंडाचे दुकान आणि अझहरच्या माघारी दोन्ही घरांवर त्यांचेच लक्ष.

“बसा सर,” सफुराभाभी म्हणाल्या. “पाणी देते. माझा रोजा हाय, तुमचा न्हाय ना?”

मी नको म्हणालो. नियमाप्रमाणे आई आणि मूल यांनी वेगवेगळे, एकमेकांना ऐकू जाणार नाही अशा जागी उत्तरे द्यायची होती. भाभींनी आपला कागद घेतला आणि ओटीवर बसून पेनाने चौकटी भरू लागल्या. सिदरा मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे विहीर होती, चार नारळ होते आणि कठड्याला लागून जास्वंदीचे एक झाड.

मी संमतिपत्र वाचले. एकच वाक्य वाचले.

सहा महिन्यांपूर्वी अलिबागला तिची पहिली फेरी झाली होती तेव्हा तिचा आकडा एकेचाळीस आला होता. आज ती कठड्यावर पाय हलवत बसली होती आणि मी प्रश्न पुरता वाचण्याआधीच उत्तर देत होती. बरोबरीच्या मुलींपासून वेगळे वाटले? कधीच नाही. मुलींनी खेळात घेतले नाही असे झाले? कधीच नाही. स्वतःविषयी वाईट वाटले? कधीच नाही. ‘थकवा’ला तेवढे ती ‘कधीकधी’ म्हणाली, तेही हसून. मी मनातल्या मनात बेरीज केली. नव्वदच्या पुढे जात होती.

“या महिन्यात काय झालं गं एवढं?” मी विचारले. हा प्रश्न तेविसांत नव्हता.

तिने ओटीकडे पाहिले. मग माझ्याकडे. “कुणालाच न्हाय ना सांगणार? अम्मीला पण न्हाय?”

“वाचून दाखवलं ना तुला.”

“मी रोजे ठेवते,” ती म्हणाली. “नऊ झाले. आजचा दहावा.”

आणि मग तिने सगळे सांगितले, जसे आपण केलेली नक्षी दाखवावी तसे. गेल्या वर्षी वर्गातल्या सगळ्या मुलींचे रोजे, आणि ती एकटी बाईंच्या खोलीत बसून डबा खायची. अम्मी म्हणे, तुला माफ आहे, आजारी माणसाला अल्लाने माफ केले आहे. “मला माफी नको होती, सर.” म्हणून यंदा तिने युक्ती काढली. अम्मीचा रोजा असल्याने घरात दुपारची चूल पेटत नसे. चाचांकडे लहान मुलांसाठी जेवण होई, आणि ते वाढायचे काम चाचांच्या थोरल्या मुलीचे, इनशाआपाचे. सिदराने तिथे जेवायचे असे ठरले होते. ती तिथे जाई, अम्मीने घरीच खायला दिले असे सांगे आणि पुस्तक घेऊन बसे.

“इनशाला ठाऊक आहे?”

“आपाला? आपाने मला धरून भरवलं असतं. तिला वाटतं मी घरी जेवते, अम्मीला वाटतं तिथे.”

“आणि सुई?”

तिने जास्वंदीकडे बोट दाखवले. “सकाळची इथे. जेवणच न्हाय तर सुई कशाला? मगरीबनंतरची, रोजा सुटल्यावरची, घेते मी, घेते.” साखरेच्या वहीत रोज एक बरा दिसणारा आकडा लिहायलाही ती विसरत नव्हती.

इथे मला उठायला हवे होते. दहा पावलांवर तिची आई बसली होती. सकाळचे इन्सुलिन मातीत जाते आहे याचा अर्थ न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. संस्थेने तीन दिवस तेच शिकवले होते. पण तिचा चेहरा असा उजळला होता की त्याला हात लावणे मला पाप वाटले. मी दिलेला शब्द मला आठवला, आणि तो शब्द अर्धाच दिलेला आहे हे सोयीने आठवले नाही. मी म्हणालो, “काळजी घे हां.” एवढेच.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी रोजनिशीत दीड पान लिहिले. बरेच दिवसांत इतके चांगले लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या कार्यालयात क्रांती मॅडमनी तो कागद दोनदा पाहिला. प्रकल्पाच्या या भागाच्या त्या प्रमुख. बोलताना चष्मा कपाळावर सरकवायची त्यांना सवय होती.

“एकेचाळीसचे त्र्याण्णव? मुरूडला काय अमृत मिळालं की काय?”

“घरचं वातावरण चांगलं आहे,” मी म्हणालो.

“आईच्या कागदावर ब्याऐंशी आहेत. आई सहसा मुलापेक्षा बरीच खाली असते.” त्या जरा थांबल्या. “सुजित, आपली सगळी भानगड हीच आहे. मुरूडच्या मुलीचे त्र्याण्णव आणि दुसऱ्या देशातल्या मुलीचे त्र्याण्णव एकच आहेत का? तिथे ती पोहायला जाऊ लागली असेल, इथे काय झालंय ते आकड्याला माहीत नसतं, तुला असतं. वेगळं काही बोलली?”

“नाही,” मी म्हणालो. खूण केलेली चौकट त्यांच्या अंगठ्याखाली होती.

चौदा दिवसांनी सकाळी कल्पिताताईंचा फोन आला. “सर, आपल्या सिदराला काल शाळेतून उचलून आणली. वर्गातल्या मुली म्हणाल्या, ती रोज रोजा धरते. उलट्या, श्वास असा वर लागलेला. अलिबागला नेली. डॉक्टर म्हणतात इन्सुलिन पोटात गेलंच न्हाय कितीतरी दिवस. पोटात म्हणजे अंगात हो, तुमाला कळलं ना.”

मला कळले.

इस्पितळाच्या त्या लांब ओसरीत मी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. रक्तात आम्ल साठले होते. मुलगी आत, आणि अजून डोळे उघडत नव्हती. सफुराभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी इनशा उभी होती, सतरा-अठराची. हातात धुऊन आणलेला थर्मास. हमदुल्लाचाचा डॉक्टरांशी बोलून बाहेर आले. उंच, पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. मी त्यांना सलाम केला. त्यांनी मान हलवली आणि माझ्या अंगावरून पुढे होऊन इनशासमोर उभे राहिले.

“रोज दुपारी ती कुणाच्या पानावर बसायची?”

“अब्बा, ती म्हणायची घरी जेवून आले. खरंच.”

“रोज? पंधरा-वीस दिवस? आणि तू एकदा अंगण ओलांडून विचारलं न्हायस?”

“मला वाटलं...”

“तुला सगळं माहीत होतं. दोघींचं ठरलेलं होतं. रोज्याचं पुण्य, सवाब मिळवायला निघाल्या!”

मग त्यांनी तिला मारले. एकदाच, पण आवाज ओसरीच्या टोकापर्यंत गेला. बाकांवरची माणसे वळली. थर्मास खाली पडून गडगडत माझ्या पायाशी आला. मी तो उचलला. मी तो उचलून इनशाच्या हातात दिला, आणि तिने माझ्याकडे न पाहता “शुक्रिया” म्हटले.

भाभींनी मान वर केली. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

“सर, तुम्ही तर तिच्याशी एकटे बोललात. तुमाला काय बोलली होती का ती?”

चाचा माझ्याकडे पाहत होते. इनशाही. गालावरची बोटे अजून लाल होती. एक वाक्य पुरे होते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते, कर्ता, कर्म, क्रियापद सगळ्यांसह.

“नाही भाभी,” मी म्हणालो. “आमचे ते ठरलेले प्रश्न असतात. त्यापलीकडे काही नाही.”

परतीच्या बसमध्ये रेवदंड्यापर्यंत मी उभा राहिलो. जागा होती.

सिदरा वाचली. तिसऱ्या दिवशी ती बोलू लागली आणि सहाव्या दिवशी, ईदच्या आदल्या सकाळी, तिला घरी सोडले. हे मला कल्पिताताईंकडून कळत गेले. मी कार्यालयात ‘मूल रुग्णालयात दाखल, आता स्थिर’ एवढी नोंद पाठवली. क्रांती मॅडमनी उत्तर दिले की दोन आठवड्यांनी तिची पुढची फेरी घ्यायचीच आहे. प्रकृतीत एवढा बदल झाल्यावर आकडा हलतो की नाही, यावरूनच मोजमापाची लायकी ठरते. त्या दोन आठवड्यांत मी नऊ घरे केली. प्रत्येक घरी दोन्ही वाक्ये वाचली. त्याने काहीच भरून निघत नव्हते, हे मला समजत होते; तरी वाचताना मी मुलांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होतो.

ज्या दिवशी मुरूडला गेलो, त्या दिवशी कल्पिताताई स्थानकावर नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

“दोन घरांचं बोलणं बंद हाय,” त्या म्हणाल्या. “ईदला पण या बाजूची खीर त्या बाजूला गेली न्हाय. आणि त्या इनशाचं वाटोळं झालं.”

“म्हणजे?”

“नर्सिंगची परीक्षा हाय तिची परवा. वर्षभर अलिबागला क्लासला जात होती, पोरगी हुशार. चाचांनी हॉल तिकीट कपाटात टाकलं. म्हणतात, घरातल्या एका पोरीला नीट जेवू घालता आलं न्हाय, ती काय दुसऱ्यांची पोरं सांभाळणार.”

“सिदरा काही बोलली नाही?”

“बोलली की! शुद्धीवर आल्यापासून रोज बोलते, आपाला कायपण माहीत नव्हतं. पण तिचं कोण ऐकेल, सर? वीस दिवस वहीत खोटे आकडे लिहिलेली पोर. ती म्हणते, म्हणजे आपाला वाचवते, असंच सगळे म्हणतात.”

आम्ही आळीच्या तोंडाशी आलो होतो. माझ्या पिशवीत रोजनिशी होती. तिच्यात दहाव्या रोजाची तारीख होती, आणि त्या तारखेखाली माझ्या अक्षरात लिहिलेले होते की इनशाला काहीही ठाऊक नाही. साऱ्या मुरूडमध्ये एवढा एकच पुरावा होता, आणि तो मी महिनाभर उशाशी घेऊन झोपलो होतो.

“ताई, तुम्ही आज येऊ नका,” मी म्हणालो.

सफुराभाभींनी दार उघडले. त्या वाळल्या होत्या. सिदरा आतल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला पाहून तिने पुस्तक खाली ठेवले. मी कागद काढले नाहीत. उभ्यानेच सांगितले. रोजे, जास्वंद, वही, दोन घरांतला घोटाळा, मला हे सगळे कधीपासून माहीत होते ते. सांगताना मी भाभींच्या पायांकडे पाहत होतो. ती पावले जराही हलली नाहीत.

मग त्या म्हणाल्या, “मला काय सांगता? तिकडे चला.”

अंगण ओलांडायला वीस पावले लागत असतील. दुपारच्या जेवणानंतर हमदुल्लाचाचा घरीच होते, पंख्याखाली वर्तमानपत्र घेऊन. भाभी उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या आणि पदर सारखा करून म्हणाल्या, “भाईजान, यांना काय सांगायचं हाय.” पंधरा दिवसांतले ते पहिले बोलणे असावे, कारण आतून भांड्यांचा आवाज एकदम थांबला आणि इनशा दारात येऊन उभी राहिली.

मी पुन्हा सांगितले. चाचांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली.

“हे तुम्ही आत्ता सांगता,” ते म्हणाले. “पोरगी परीक्षेसाठी रडते, म्हणून कुणी सांगायला लावलं?”

“लिहिलेलं आहे माझ्याकडे. त्याच दिवशी लिहिलेलं. तारीख आहे.”

“वाचा.”

मी रोजनिशी उघडली. आणि तेव्हा मला आठवले की ते कसे लिहिलेले आहे.

“वाचा ना.”

मी वाचले. “‘आज एका मुलीच्या उपासात मी प्रकाश पाहिला. तिच्या कोरड्या ओठांवर भुकेची कोवळी चंद्रकोर उगवली होती.’” मी बोटाने पुढची ओळ शोधली. “‘आईला वाटते ती चाचांकडे जेवते, इनशाला वाटते ती घरी जेवून आली, कुणालाच ठाऊक नाही. आणि दोन उंबऱ्यांमधल्या त्या अंगणात ती एकटीच आपल्या गुपिताची राणी.’”

“हे काय हाय?” चाचांनी विचारले. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हते.

“पुढे वाचा,” भाभी म्हणाल्या.

“भाभी, पुढे...”

“वाचा.”

“‘सकाळची सुई ती जास्वंदीच्या मुळाशी रिकामी करते. त्या जास्वंदीला आता कोणत्या रंगाची फुले येतील?’”

पंखा फिरत होता. भाभींनी एक हात चौकटीवर टेकला. त्यांची मुलगी तीन दिवस डोळे मिटून पडली होती आणि मी तिला मारणाऱ्या गोष्टीला रंग विचारत होतो. ते दीड पान मला आवडले होते. ते मी पुन्हा पुन्हा वाचले होते, आणि एकदा ‘कोवळी’च्या जागी ‘पहिली’ घालून पाहिले होते.

चाचा उठून माझ्याजवळ आले. त्यांनी रोजनिशी हातात घेतली, तारीख पाहिली, बोटावर रोजे मोजले आणि वही मिटून परत दिली.

“त्या दिवशी इस्पितळात तुम्ही तिथेच होतात,” ते म्हणाले.

“हो.”

“मी हिला मारली तेव्हा.”

“हो.”

“थर्मास उचलून दिलात तुम्ही.”

मी मान हलवली. त्यांचा हात वर येईल असे मला वाटले. तो आला असता तर बरे झाले असते. पण ते वळले, आत गेले, कपाटाचे दार कुरकुरले आणि ते एक घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आले. तो त्यांनी इनशापुढे धरला. त्यांची नजर खाली होती.

इनशाने कागद लगेच घेतला नाही. “मी सांगितलं तेव्हा न्हाय ऐकलंत, अब्बा,” ती म्हणाली. “ती पंधरा दिवस सांगते, तिचं पण न्हाय. हे आले, यांनी वही उघडली, तर ऐकलंत.”

“घे,” चाचा पुटपुटले.

“घेते. परीक्षा माझी हाय.” तिने कागद घेतला. माझ्याकडे पाहिले, या वेळी सरळ. ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती आत गेली आणि थांबलेली भांडी पुन्हा वाजू लागली.

सिदरा आमच्या मागोमाग अंगणात आली होती, हे मला परतताना कळले. ती विहिरीच्या अलीकडे उभी होती, अंगात स्वेटर, एवढ्या उन्हात. भाभी तिच्याजवळून आत गेल्या. दार मात्र त्यांनी उघडेच ठेवले.

“कुणालाच न्हाय म्हणाला होतात,” सिदरा म्हणाली.

“आणखी एक वाक्य होतं. ते मी तुला वाचून दाखवलं नाही.”

“वाचा.”

मी पिशवीतून संमतिपत्र काढले आणि वाचले. मात्र तुझ्या प्रकृतीला धोका आहे असे मला वाटले, तर. ती डोके किंचित तिरके करून ऐकत होती, परीक्षेत बाई गणित सांगतात तेव्हा मुली ऐकतात तशी.

“हे तेव्हा वाचलं असतं, तर मी तुमाला सांगितलंच नसतं.”

“माहीत आहे.”

“मग तुमाला पण कळलं नसतं. आणि आपाचं खरं कुणालाच कळलं नसतं.” तिने थोडा विचार केला. “पण तुम्ही मला खोटं सांगितलं.”

“हो.”

“माझ्यासारखं.”

तुझ्यासारखं नाही, असे मला म्हणायचे होते. ती सगळ्यांसारखी व्हावी म्हणून खोटे बोलली होती. मी मात्र एका ओळीसाठी बोललो होतो. पण तेही वाक्य तयार होताना मला ऐकू आले, त्याची लय ऐकू आली, आणि मी प्रश्नांचा कागद काढला.

“आज प्रश्न विचारायचे होते,” मी म्हणालो. “तुला नको असतील तर नको म्हणायचा तुला हक्क आहे. खरंच आहे. हे बघ, इथे छापलंय.”

तिने छापलेले वाचले. बोट ठेवून, शेवटपर्यंत. “नको,” ती म्हणाली, आणि अंगण ओलांडून इनशाकडे गेली.

मी ओटीवर बसून तिचा कागद भरू लागलो. तेवीसही प्रश्न कोरे. शेवटच्या पानावर ‘मुलाचा नकार’ अशी चौकट होती. तिच्यात खूण केली. पुढे ‘कारण’: वेळ नाही, प्रकृती बरी नाही, पालकांची हरकत, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि समोरच्या दोन ओळींत लिहिले: ‘सर्वेक्षकाने मुलीपासून एक वाक्य लपवले आणि तिच्या आईपासून एक जीव.’ वाचून पाहिले. ते सुंदर झाले होते. मी ते खोडले, अक्षर दिसणार नाही इतके.

वर जेमतेम जागा उरली होती. बारीक अक्षरात लिहिले: ‘संमतिपत्र पूर्ण वाचले नाही. मुलगी सकाळचे इन्सुलिन घेत नव्हती, हे मला पहिल्याच भेटीत कळले. कळवले नाही. आधीचा त्र्याण्णव हा आकडा धरू नये.’ खाली सही केली. हा कागद क्रांती मॅडमच्या टेबलावर गेला की मला परत बोलावणार नाहीत, हे उघड होते. त्याचे मला त्या क्षणी काही वाटले नाही.

सफुराभाभी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळले नाही. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून सावकाश वाचला, जसा त्यांनी त्या दिवशी आपला कागद वाचून भरला होता, कुठलीही चौकट न चुकवता.

“इस्पितळात मी तुमाला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते यात न्हाय.”

“जागा संपली, भाभी.”

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी पेन उचलले आणि लिहू लागलो. त्या वाकून, एकेक शब्द, वाचत राहिल्या.